वैद्यकातील उपेक्षित स्त्रिया आणि त्यांचे पुतळे

(संस्थेच्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संस्थेच्या दवाखान्यासमोर, केसपेपर काढण्याच्या खिडकीपुढे जी मोकळी जागा आहे, तेथे वैद्यकाच्या क्षेत्रात पहिले पाऊल टाकणाऱ्या एखाद्या स्त्रीचा पुतळा बसवावा, अशी सूचना मागील सर्वसाधारण सभेत आली. त्याच सभेत तिला विरोधही झाला. पुतळ्याला लागणाऱ्या पैशात वर्षभराची औषधे येतील, असे काही बंधूंचे म्हणणे पडले. पुतळे काय थोडे झाले, असेही एक जण म्हणाले. तेव्हा कार्यकारिणीने आम्हा चौघींवर काम सोपवले, की असे पुतळे जगात कोठे उभे राहिले, कोणी उभारले, कोणी अडवले, याची माहिती काढून ह्या मेळाव्यात मांडावी. आम्ही चौघी निवृत्त परिचारिका. इतिहासाच्या जाणकार नाही, पण दवाखान्याचा उंबरठा कोणाकोणाच्या पायांनी झिजतो हे आम्ही पाहिलेले आहे. त्या नजरेने जे वाचले ते आपल्यापुढे ठेवतो.

लंडन शहरात थेम्स नदीच्या काठी सेंट थॉमस हे मोठे आणि जुने रुग्णालय आहे. नदीच्या पलीकडे ब्रिटिश पार्लमेंटची इमारत दिसते. ह्या रुग्णालयाच्या बागेत ३० जून २०१६ रोजी एका स्त्रीच्या ब्राँझच्या पुतळ्याचे अनावरण झाले. तिचे नाव मेरी सीकोल. ब्रिटनमध्ये राण्यांचे, सरदारांचे, सेनापतींचे पुतळे चौकाचौकात आहेत. परंतु एखाद्या कृष्णवर्णीय स्त्रीचा, तिच्या नावानिशी उभारलेला हा तेथील पहिलाच पुतळा होय. २०१६ साल म्हणजे कालपरवाचीच गोष्ट, हे आपण ध्यानात घ्यावे.

मेरीचा जन्म १८०५ साली जमैका बेटावर, किंग्स्टन गावी झाला. त्या वेळी त्या बेटावर गुलामगिरी चालू होती. मेरीचे वडील स्कॉटिश सैनिक, आई स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्री. आई खानावळवजा विश्रामगृह चालवी आणि आजारी माणसांना औषधपाणी करी. तिकडे अशा बाईला 'डॉक्ट्रेस' म्हणत. आपल्याकडे सुईण, औषधाची झाडे ओळखणारी आजी, वैदूची बायको ह्या जे काम करीत आल्या, तेच हे काम. पदवी नाही, दप्तरात नोंद नाही, पण रात्री दोन वाजता दार वाजते ते तिचेच. मेरी हे सर्व आईच्या हाताखाली शिकली. १८५० साली किंग्स्टनमध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा ती रोग्यांत होती. पुढच्याच वर्षी ती पनामात होती, आणि तेथेही कॉलरा आला. एक तान्हे मूल दगावल्यावर रोग आत काय करतो हे समजावे म्हणून तिने गुपचूप त्याची उत्तरीय तपासणी केली. हे तिने स्वतःच लिहून ठेवले आहे. तिचे काही उपाय आजच्या शास्त्राला मान्य होणार नाहीत. पण त्या काळच्या पदवीधर डॉक्टरांचे तरी कोठे होतील?

१८५४ साली क्रिमियाच्या युद्धात इंग्रज सैनिक गोळीपेक्षा रोगाने अधिक मरू लागले. जखमींच्या सेवेसाठी परिचारिका हव्यात अशी हाक लंडनमधून गेली. मेरी स्वखर्चाने लंडनला आली, एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरली आणि सगळीकडून नकार घेऊन परतली. आपल्या कातडीचा रंग तर ह्यामागे नाही ना, असा प्रश्न तिने पुढे आपल्या पुस्तकात विचारला आहे. तो प्रश्न तिने त्रागा न करता विचारला, म्हणूनच तो वाचताना जास्त लागतो. नोकरीचा अर्ज हातात घेऊन बाकावर बसलेल्या, आणि आडनाव वाचून समोरच्याचा चेहरा कसा बदलतो हे पाहिलेल्या ह्या सभागृहातील भगिनींना त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

नकार मिळाल्यावर ती घरी बसली नाही. एका भागीदारासह स्वतःचे भांडवल घालून ती क्रिमियाला गेली आणि १८५५ साली बालाक्लाव्हाजवळ तिने पत्र्याचे, लाकडाचे, मिळेल त्या सामानाचे एक घर उभारले. नाव दिले 'ब्रिटिश हॉटेल'. तेथे जेवण मिळे, कपडालत्ता मिळे आणि औषधही मिळे. लढाई चालू असताना खेचरावर पट्ट्या आणि खाणे लादून ती रणभूमीवर जाई. युद्ध अचानक संपले, भरलेला माल तसाच पडून राहिला आणि ती कर्जबाजारी होऊन लंडनला परतली. १८५७ साली तिने आत्मचरित्र लिहिले. सैनिकांनी तिच्या मदतीसाठी चार दिवसांचा मोठा जलसाही केला. १८८१ साली ती वारली. आणि मग शंभर वर्षे विसरली गेली.

कशी विसरली गेली ते ऐका. लंडनमधील तिची कबर झिजून गेली होती; १९७३ साली परिचारिकांच्या आणि जमैकन स्त्रियांच्या संस्थांनी ती नीट करून घेतली. १८६९ साली रंगवलेले तिचे तैलचित्र तर दुसऱ्या एका तसबिरीच्या पाठीला आधाराची फळी म्हणून लावलेले होते. जुन्या सामानाच्या बाजारात ती तसबीर विकली गेली, मागची फळी उलटून पाहिली तेव्हा हा चेहरा निघाला. आज ते चित्र लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात आहे. ज्या बाईने सैन्याला जगवले तिचे तोंड भिंतीकडे करून दुसऱ्याचे चित्र टांगले होते! इतिहास कसा लिहिला जातो हे सांगायला ह्याहून वेगळा दाखला शोधावा लागत नाही.

पुतळ्यासाठी वर्गणी गोळा व्हायला बारा वर्षे लागली. क्लाइव्ह सोली नावाचे खासदार ह्या मोहिमेचे प्रमुख होते. परिचारिकांच्या संघटना, शाळांतील मुले, जमैकातून आलेली कुटुंबे, अशा हजारो लोकांनी थोडेथोडे दिले. मिळून सुमारे पाच लाख पौंड झाले. शेवटी पुतळा बसवण्याच्या खर्चासाठी सरकारने बँकांकडून वसूल केलेल्या दंडाच्या रकमेतून दोन लाख चाळीस हजार पौंड दिले. मधल्या काळात, २०१३ साली, शालेय अभ्यासक्रमातून तिचे नाव काढण्याचा घाट घातला गेला. त्याविरुद्ध ३५,००० हून अधिक लोकांनी सह्या केल्या आणि नाव राहिले.

आता विरोधाची बाजू. सेंट थॉमस रुग्णालय हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे ठिकाण. १८६० साली त्यांनी परिचारिकांचे विद्यालय तेथेच सुरू केले. त्यांच्या चाहत्यांनी जोरदार हरकत घेतली, की सीकोल ही परिचारिका नव्हेच. ती खानावळ चालवणारी व्यापारी बाई. तिने रुग्णालये सुधारली नाहीत, आकडेवारी मांडली नाही, विद्यालय काढले नाही. मग तिचा पुतळा नाइटिंगेलबाईंच्या अंगणात का?

आम्हाला ह्यावर थोडे बोलायचे आहे, कारण आम्ही चौघींनीही हातात दिवा घेऊन नाइटिंगेलबाईंच्या नावाची शपथ घेतली आहे आणि तिची आम्हाला लाज नाही. हरकतीतील काही भाग खरा आहे. सीकोलने व्यवसाय केला, दारूही विकली. रुग्णालयाची शास्त्रशुद्ध व्यवस्था ही नाइटिंगेलबाईंची देणगी, ती कोणी हिरावून घेऊ नये. सीकोलच्या नावावर जे नाही ते चिकटवण्याची काही भाषणबाज मंडळींची सवय आम्हाला पसंत नाही. आपल्या माणसाचे खोटे मोठेपण सांगितले की खरे मोठेपणही लोक नाकारतात. पण हरकत घेणाऱ्यांनी एक गोष्ट सोयीस्करपणे बाजूला ठेवली. सीकोलला सरकारी परिचारिका होऊ कोणी दिले नाही? दार बंद करायचे, आणि नंतर म्हणायचे की ती आत कधी नव्हतीच! हा युक्तिवाद आपल्या चांगला ओळखीचा आहे. तळ्याला शिवू द्यायचे नाही आणि मग म्हणायचे की ह्यांना स्वच्छतेची सवय नाही. खुद्द नाइटिंगेलबाईंनी एका खाजगी पत्रात सीकोलच्या हॉटेलाविषयी फार हलक्या भाषेत लिहिले होते. मोठ्या माणसांच्या मनातही जागा अपुरी असते.

शिल्पकार मार्टिन जेनिंग्ज यांनी पुतळा घडवला तो बसलेला किंवा हात जोडलेला नव्हे. मेरी समोरून येणाऱ्या वाऱ्यात चालते आहे, पार्लमेंटच्या दिशेने. पाठीमागे क्रिमियातील जमिनीचा ठसा घेऊन ओतलेली भलीमोठी तबकडी आहे. रात्री दिवे लागले की तिची सावली त्या तबकडीवर पडते. अनावरण फ्लोएला बेंजामिन ह्या त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या उमराव सभेच्या सदस्येने केले.

आता अमेरिकेकडे वळू. येथे पुतळा उभारण्याची गोष्ट नंतर येते. आधी एक पुतळा उतरवण्याची गोष्ट आहे.

जेम्स मॅरियन सिम्स नावाचा डॉक्टर १८८३ साली वारला आणि १८९४ साली, म्हणजे अकरा वर्षांत, न्यूयॉर्कमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. स्त्रीरोगशास्त्राचा जनक अशी त्याची ख्याती. पुढे १९३४ साली तो पुतळा सेंट्रल पार्कच्या कडेला, न्यूयॉर्कच्या वैद्यक अकादमीसमोर आणून बसवला. शेजारची वस्ती म्हणजे ईस्ट हार्लेम. कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कष्टकऱ्यांची. रोज कामाला जाता-येता त्या बायांना हा पुतळा पाहावा लागे.

सिम्सची ख्याती ज्या शस्त्रक्रियेमुळे झाली ती कोणावर केली? बाळंतपण दोन-तीन दिवस अडले की बाळाच्या डोक्याचा दाब पडून मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामधला पडदा मरतो आणि तेथे भोक पडते. मग लघवी थेंबथेंब झिरपतच राहते, जन्मभर. आमच्या नोकरीत आम्ही अशा बाया पाहिल्या आहेत. अंगाला वास येतो म्हणून पडवीत झोपवलेल्या, नवऱ्याने माहेरी आणून सोडलेल्या. दुःख इतके असते की बाई कोणत्याही सुरीखाली जायला तयार होते. अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी गावी १८४५ ते १८४९ ह्या काळात सिम्सने ह्या भोकाला टाके घालण्याचे प्रयोग केले ते गुलाम स्त्रियांवर. मालकांकडून त्या आणून त्याने आपल्या घरामागच्या लहानशा दवाखान्यात ठेवल्या. त्यातल्या तिघींचीच नावे आपल्याला माहीत आहेत: अनार्का, बेट्सी आणि ल्युसी. बाकीच्यांची नावे लिहून ठेवावीत असे त्याला वाटले नाही.

भूल न देता ह्या शस्त्रक्रिया झाल्या. ल्युसीच्या वेळी डझनभर डॉक्टर भोवती उभे राहून पाहत होते. तिला विषबाधा होऊन ती मरता मरता वाचली. अनार्कावर तीस वेळा शस्त्रक्रिया झाली, तेव्हा १८४९ साली चांदीच्या तारेचे टाके टिकले. ईथरची भूल १८४६ साली जाहीरपणे सिद्ध झाली होती. सिम्सने ती ह्या बायांना दिली नाही. त्याचे समर्थक म्हणतात की भूल तेव्हा नवी होती आणि त्या बायांनाही बरे व्हायचेच होते. बरे कोणाला व्हायचे नसते? प्रश्न असा आहे की 'आज नको' म्हणण्याचा अधिकार त्यांना होता काय? ज्या देशात बाईच्या देहाची मालकी दुसऱ्याच्या नावावर होती, तेथे संमतीच्या कागदावर अंगठा कोणाचा उमटायचा?

आणखी एक गोष्ट सिम्सच्याच आत्मचरित्रात आहे, आणि आम्हा परिचारिकांना ती सर्वांत महत्त्वाची वाटते. वारंवार अपयश आल्यावर त्याचे मदतनीस डॉक्टर त्याला सोडून गेले. तेव्हा त्याने ह्या रोगी बायांकडूनच शस्त्रक्रियेत मदत घेतली. आज जी टेबलावर, उद्या तीच दुसरीला धरायला, हत्यार हातात द्यायला, रक्त टिपायला. म्हणजे स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रियेतील त्या देशातल्या पहिल्या सहाय्यक परिचारिकांत ह्या बायांचे नाव घ्यावे लागेल. त्या नुसत्या सोसणाऱ्या नव्हत्या, काम जाणणाऱ्याही होत्या. पुतळा मात्र हत्यार मागणाऱ्याचा झाला, देणारीचा झाला नाही.

ईस्ट हार्लेमच्या लोकांनी वर्षानुवर्षे अर्ज केले, सभा घेतल्या. अखेर १७ एप्रिल २०१८ रोजी तो पुतळा चौथऱ्यावरून उतरवला गेला. तो फोडला नाही. सिम्स जेथे पुरला आहे त्या ब्रुकलिनच्या दफनभूमीत तो हलवायचे ठरले. ही गोष्ट आम्हाला योग्य वाटते.

त्यानंतर तीन वर्षांनी, सप्टेंबर २०२१ मध्ये, मॉन्टगोमेरी गावातच मिशेल ब्राउडर ह्या कृष्णवर्णीय कलावंत स्त्रीने तीन पुतळे उभे केले: अनार्का, बेट्सी, ल्युसी. शिल्पाचे नाव आहे 'मदर्स ऑफ गायनेकॉलॉजी', म्हणजे स्त्रीरोगशास्त्राच्या माता. त्या वेळी त्याच गावातील राज्यभवनाच्या आवारात सिम्सचा १९३९ सालचा पुतळा उभाच होता. हे तीन पुतळे उंची ब्राँझचे नाहीत. लोकांनी टाकून दिलेले लोखंड, भंगार, जुनी हत्यारे यांना जोडकाम करून ते घडवले. अनार्का सर्वांत उंच, सुमारे पंधरा फूट. तिचे पोट पोकळ आहे आणि गर्भाशयाच्या जागी एकच लाल गुलाब. गर्भाशय वेगळे, बाजूला जमिनीवर ठेवले आहे. त्यात काचा, सुया, कात्र्या भरलेल्या आहेत. आमच्यातल्या एका भगिनीने त्याचे छायाचित्र पाहिले आणि ते पुन्हा पाहायला ती तयार झाली नाही.

ह्या तिघींचे एकही चित्र किंवा छायाचित्र नाही. मग पुतळा कशाचा, असे कोणी विचारील. चेहऱ्यावाचून आठवण ठेवण्याची रीत आपल्याला नवी नाही. सांचीच्या तोरणांवर आणि भारहूतच्या कठड्यांवर तथागतांची मूर्ती नाही. तेथे रिकामे आसन आहे, बोधिवृक्ष आहे, पावलांचे ठसे आहेत. पाहणाऱ्याला कळायचे ते कळते.

ब्राउडरबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. सिम्सचा दवाखाना जेथे होता ती जागाच त्यांनी पुढे विकत घेतली. तेथे संग्रहालय आणि बाळंतपणाच्या काळात स्त्रियांना मदत करणारे केंद्र असावे अशी त्यांची योजना. 'पुतळा की दवाखाना' हा वाद घालणाऱ्या बंधूंनी ह्याची नोंद घ्यावी. त्यांनी आधी पुतळे उभारले आणि त्या पुतळ्यांनी दवाखान्याची मागणी केली.

पदवीधर स्त्री डॉक्टरांचे पुतळेही आहेत, पण तेही उशिराचे. अमेरिकेत वैद्यकाची पदवी घेणारी पहिली स्त्री एलिझाबेथ ब्लॅकवेल. २३ जानेवारी १८४९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा गावच्या कॉलेजने तिला पदवी दिली. तिला प्रवेश द्यावा की नाही ह्यावर विद्यार्थ्यांचे मत घेतले होते आणि मुलांनी थट्टा समजून 'हो' म्हटले. तिची धाकटी बहीण एमिली हिने नंतर अर्ज केला तेव्हा त्याच कॉलेजने नकार दिला. थट्टा एकदाच पुरे झाली असावी! एलिझाबेथचा पुतळा जिनिव्हा गावच्या कॉलेजच्या हिरवळीवर बसला १९९४ साली, तिच्या मृत्यूनंतर ८४ वर्षांनी. सिम्सची अकरा वर्षे आठवा. सीकोलची तर १३५ झाली.

आता ह्या सर्व कथेचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. लंडनच्या टॅव्हिस्टॉक चौकात लुईसा ऑल्ड्रिच-ब्लेक हिचे स्मारक आहे. शस्त्रक्रियेतील उच्च पदवी मिळवणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. चौथऱ्याच्या दोन बाजूंना तिचेच दोन अर्धपुतळे आणि बसायला दगडी कट्टा, असे ते साधे स्मारक १९२६ साली झाले. ती शिकली लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयात. त्याच विद्यालयात, त्याच सुमारास, आपली एक मराठी मुलगी शिकत होती. तिचे नाव रखमाबाई.

सुतार समाजातली ही मुलगी १८६४ साली मुंबईत जन्मली. अकराव्या वर्षी लग्न लावून दिले. मोठी झाल्यावर, न कळत्या वयात लावलेले हे लग्न आपल्याला मान्य नाही असे तिने सांगितले आणि नवऱ्याने १८८४ साली तिला कोर्टात खेचले. पहिला निकाल तिच्या बाजूने लागला. पण मार्च १८८७ मध्ये कोर्टाने हुकूम दिला, की नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करतो म्हणून सांगितले. पुढे १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. मुंबईच्या कामा रुग्णालयातील एडिथ पीची ह्या इंग्रज डॉक्टरीणबाईंनी त्यांना विलायतेला जाण्यास मदत केली. ह्या पीचीबाई म्हणजे १८६९ साली एडिनबरा विद्यापीठात वैद्यक शिकायला गेलेल्या सात स्त्रियांपैकी एक. त्या सातजणींवर तेथील विद्यार्थ्यांनी चिखल फेकला होता आणि विद्यापीठाने पदवी नाकारली होती. ती पदवी सातजणींना मरणोत्तर मिळाली २०१९ साली! (चिखलाची गोष्ट वाचून सावित्रीमाईंची आठवण ज्यांना झाली नसेल असे येथे कोणी नसावे.) रखमाबाई १८९४ साली डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि सूरत, राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर बायकांची बाळंतपणे केली. १९५५ साली त्या वारल्या.

त्यांच्या आधी डॉ. आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेत पदवीधर झाल्या हे आपण शाळेत शिकलो. परत येऊन वर्षही झाले नाही तोच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्या क्षयाने पुण्यात वारल्या. प्रॅक्टिस करणे त्यांच्या नशिबी आले नाही. त्यांची रक्षा अमेरिकेतील ज्या बाईने त्यांना आश्रय दिला तिच्याकडे पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी गावच्या दफनभूमीत त्यांच्या नावाचा दगड बसवला गेला. त्या दगडावर त्या डॉक्टर होत्या हे आहे, आणि शिक्षणासाठी देश सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असेही आहे. एकवीस वर्षांच्या त्या मुलीच्या धैर्याला आमचा नमस्कार आहे. परंतु समुद्रापार गेलेल्या दगडावरही जात कोरली गेली, हे वाचून आम्ही क्षणभर थांबलो.

सावित्रीमाईंचे पुतळे आता पुष्कळ आहेत आणि ते पाहून आनंद होतो. बहुतेक ठिकाणी हातात पुस्तक, शेजारी मुलगी. ते बरोबरच आहे. पण १८९७ च्या प्लेगात, मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात, मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन धावत आणणारी साठी ओलांडलेली सावित्रीमाई कोणी शिल्पात आणावी, अशी आमची इच्छा आहे. तो प्लेग त्यांना लागला आणि १० मार्चला त्या गेल्या. रुग्णवाहिका नव्हती तेव्हा त्यांची पाठ रुग्णवाहिका झाली होती.

तर आता आपल्या जागेसंबंधी आम्हा चौघींचे मत.

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी औषधे घ्यावीत. ह्यात आमचे दुमत नाही. औषध दुकानदाराची थकबाकी आधी फिटावी. पण पुतळ्याची वर्गणी मागितली म्हणून औषधाची वर्गणी आटते, असे आम्हाला वाटत नाही. सीकोलचा पुतळा झाल्यावर तेथील समिती विसर्जित झाली नाही. तिचा न्यास झाला आणि तो पुढे काम करू लागला.

पुतळा करायचा तर डॉ. रखमाबाईंचा करावा. त्यांची छायाचित्रे उपलब्ध आहेत, चेहरा कल्पनेने करावा लागणार नाही. अर्धपुतळा पुरे. चौथरा उंच नको; टॅव्हिस्टॉक चौकात आहे तसा भोवती बसायला कट्टा असावा, कारण आपल्या खिडकीपुढे गरोदर बाया तासतास उभ्या असतात आणि तेथे एकही बाक नाही. खाली नाव, जन्ममृत्यूची साले आणि काम एवढेच कोरावे. जात कोरू नये, पदाधिकाऱ्यांची नावेही कोरू नयेत.

वर्गणी एका मोठ्या देणगीदाराकडून घेऊ नये. ज्याचा दगड त्याचे नाव, ही आजची रीत झाली आहे. पितळखोऱ्याच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख आहेत. त्यात राजवैद्य मगिल याचे दान वेगळे नोंदले आहे आणि त्याची मुलगी दत्ता हिचे वेगळे. वैद्याच्या मुलीने आपल्या हाताने दिले म्हणून तिचे नाव राहिले. तशी आपली वही असावी. दहा रुपये देणारीचेही नाव तीत यावे.

आणि पुतळ्याशेजारी एक साधा काळा दगड असावा. आपल्या वस्तीत ज्या सुईणींनी तुमची-आमची बाळंतपणे केली, ज्या आयांनी सरकारी वॉर्डात जन्मभर भांडी उचलली, त्यांची नावे त्यावर कोरावीत. त्यासाठी एक वही उद्यापासून कार्यालयात ठेवली आहे. नाव देताना 'सुईणबाई', 'सोनारगल्लीची मावशी' किंवा अमक्याची आजी एवढेच लिहून जाऊ नका. तिचे स्वतःचे नाव घरच्यांना विचारा, नातवंडांना माहीत नसेल तर जुन्या शिधापत्रिकेवर पाहा, आणि पूर्ण लिहा. आतापर्यंत आमच्याकडे अकरा जणींची माहिती आली आहे. त्यातल्या चौघींची नावे अजून कोणालाच सांगता आलेली नाहीत.